पीएलएलचा फेज नॉइज कमी करायचाय पण करंट वाढवायचा नाहीये, एडीएफ४३५१, ११५२ मेगाहर्ट्झ

सह्याद्री१२९६

नमस्कार मंडळी, गाडी अडकलीये, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

डोंगरावर पाठीवर टाकून न्यायचा १२९६ मेगाहर्ट्झचा रिसीव्हर करतोय. पुढे एलएनए (कमी नॉइजचा अ‍ॅम्प्लिफायर) आणि मिक्सर, मागे १४४ मेगाहर्ट्झचा जुना ऑलमोड सेट, त्यामुळे एलओ (मिक्सरला द्यायचा लोकल ऑसिलेटर) १२९६ वजा १४४ म्हणजे ११५२. त्यासाठी ऑनलाइन मिळतं ते एडीएफ४३५१ (पीएलएल, म्हणजे रेफरन्स ऑसिलेटरशी लॉक होऊन हवी ती फ्रिक्वेन्सी बनवणारी चिप) चं तयार मोड्यूल घेतलं, त्यावर २५ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर आणि १११७ टाइप रेग्युलेटर आहे. रेग्युलेटरला वरून ५ व्होल्ट हवेत म्हणून १८६५० चा एक सेल आणि एक छोटा बूस्ट कन्व्हर्टर. एवढ्याच भागाला सेलमधून २१० मिलिअँप जातात, जे मला आधीच डोळ्यात खुपतंय.

प्रॉब्लेम असा की लॉक होतं, फ्रिक्वेन्सी बरोबर आहे, पण फेज नॉइजमुळे (फ्रिक्वेन्सीच्या बारीक थरथरीमुळे) सीडब्ल्यूचा (मोर्सचा) टोन असा येतो की कोणीतरी तोंडात गुळणी धरून शिट्टी वाजवतंय. छोट्या हातातल्या अनालायझरवर बघितलं तर कॅरियरच्या दोन्ही बाजूंना एक-दीड किलोहर्ट्झवर अक्षरशः शिंगं आहेत, बैलपोळ्याला रंगवतात तशी.

सेटिंग नेटवरच्या एका तयार कोडमधून घेतलंय. आर काउंटर (रेफरन्सला भागणारा) २५०, म्हणजे पीएफडी (फेज डिटेक्टरची तुलनेची फ्रिक्वेन्सी) १०० किलोहर्ट्झ, इंटिजर मोड (पूर्ण संख्येनेच भागायचं), व्हीसीओ (व्होल्टेजने सरकणारा ऑसिलेटर) २३०४ ला, आउटपुट भागिले २. इंटिजरच ठेवलं कारण फ्रॅक्शनलमध्ये स्पर्स (नको असलेले बाजूचे सिग्नल) येतात असं सगळीकडे वाचलं. चार्ज पंप (फेज डिटेक्टरच्या इशाऱ्यावर करंट सोडणारा भाग) २.५ मिलिअँप. लूप फिल्टर (त्या करंटमधून व्हीसीओचं व्होल्टेज बनवणारा) मोड्यूलवर आला तसाच.

आउटपुट पॉवर मॅक्झिमम करून बघितली, काही फरक नाही, करंट तेवढा वाढला. आता पुढे काय? अट एकच, बॅटरी याहून जास्त खाल्ली नाही पाहिजे.

टकाटकतंत्र

भाऊ सरळ ओसीएक्सओ (आत हीटर असलेला क्रिस्टल ऑसिलेटर) टाक. रेफरन्स स्वच्छ तर सगळं स्वच्छ. स्क्रॅपमध्ये १० मेगाहर्ट्झचे मिळतात, मी दोन आणलेत, एकदम कडक.

तपकीरगल्लीवाला

टकाटक, त्याने बॅटरीचं काय लिहिलंय ते वाचलंस का. ओसीएक्सओ गरम झाल्यावरसुद्धा एक वॉटच्या आसपास खात बसतो, सुरुवातीला तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. आणि सोन्यासारखा रेफरन्स आणून पुढे त्याला शंभरने भागून पीएफडीला १०० किलोहर्ट्झच देणार असशील तर काय उपयोग, केशर घालून ताक प्यायल्यासारखं आहे ते.

सह्याद्री, तुझं दुखणं रेफरन्समध्ये नाहीच. हिशोब बघ. लूपच्या आतला नॉइज म्हणजे चिपचा मूळ आकडा, या चिपला तो -२२० च्या आसपास धर, त्यात २० लॉग एन (एन म्हणजे व्हीसीओ भागिले पीएफडी) मिळव आणि १० लॉग पीएफडी मिळव. तुझा एन आहे २३०४० म्हणजे ८७ डीबी, पीएफडी १०० किलोहर्ट्झचे ५०. बेरीज -८३ डीबीसी/हर्ट्झ (कॅरियरच्या तुलनेत दर हर्ट्झचा नॉइज) व्हीसीओला, भागिले २ चे ६ वजा, म्हणजे -८९. आता पीएफडी २५ मेगाहर्ट्झ कर, एन ९२.१६ होतो, ३९ आणि ७४, बेरीज -१०७, आउटपुटला -११३. चोवीस डीबी फुकट, एक रुपया नाही की एक मिलिअँप नाही, फक्त रजिस्टर बदलायचे. पीएफडी दुप्पट केला की ३ डीबी, दरवेळी, आणि तू तो अडीचशे पट खाली नेऊन ठेवलायस.

आणि शिंगांचं कारण वेगळंच आहे. मोड्यूलवरचा लूप फिल्टर बहुतेक २५ मेगाहर्ट्झ पीएफडी आणि तीस-चाळीस किलोहर्ट्झ बँडविड्थ धरून बनवलेला असतो. तू एन अडीचशे पट केलास, लूप गेन तेवढाच पडला, बँडविड्थ घसरत घसरत सव्वा किलोहर्ट्झवर आली, पण फिल्टरमधला झीरो (लूपला स्थिर ठेवणारा टप्पा) जागच्या जागी म्हणजे दहा-बारा किलोहर्ट्झवर. तिथे फेज मार्जिन (लूप डोलायला लागण्याआधीची शिल्लक) पाच-सहा अंश उरते. लूप पडत नाही एवढंच, बाकी झोकांड्या खात चाललाय, आणि त्याच तुला शिंगं म्हणून दिसतायत. टोन गुळणीसारखा येतो तो त्यामुळेच, कारण एक-दीड किलोहर्ट्झ म्हणजे बरोब्बर कानाच्या पट्ट्यात.

सह्याद्री१२९६

हे असं कोणी सांगितलंच नव्हतं, धन्यवाद! पण २५ केला तर २३०४ भागिले २५ पूर्ण येत नाही ना, ९२.१६ म्हणजे फ्रॅक्शनल आलंच, मग स्पर्स?

तपकीरगल्लीवाला

स्पर्सची भीती आहे पण ती कुठे पडतात ते बघ की. ०.१६ म्हणजे ४ भागिले २५. रजिस्टरच्या भाषेत एफआरएसी (अंश) ४, मॉड (छेद) २५. मॉडला २ नेही भाग जात नाही आणि ३ नेही नाही, त्यामुळे डिदर (स्पर्स विस्कटायला मुद्दाम मिसळलेली अनियमितता) बंद असलेल्या लो नॉइज मोडमध्ये स्पर्स १ मेगाहर्ट्झच्या अंतराने येणार. इंटिजर बाउंडरी (पीएफडीची जवळची पूर्ण पट) म्हणशील तर २३०० ला, तुझ्यापासून ४ मेगाहर्ट्झ लांब. लूप पस्तीस किलोहर्ट्झचा, १ मेगाहर्ट्झवरचं त्यातून फारसं काही बाहेर येत नाही. आणि आलं तरी तुझ्या १४४ च्या सेटमध्ये अडीच किलोहर्ट्झचा फिल्टर बसलाय, त्याला काय फरक पडतो.

१०० किलोहर्ट्झचं पाऊल त्याला लागतं ज्याला पीएलएलनेच ट्यूनिंग करायचंय. तू ट्यूनिंग मागच्या सेटवर करतोस. जी सोय वापरायचीच नाहीये तिचं भाडं नॉइजमध्ये भरत होतास.

नानाकाका७३

पोरांनो, आमच्या वेळी ११५२ साठी पीएलएल लावलं असतं तर लोक हसले असते. ९६ मेगाहर्ट्झचा ओव्हरटोन क्रिस्टल, त्यावर गुणिले दोन, दोन, तीन. झालं ११५२. बारा पट म्हणजे नॉइज फक्त २१-२२ डीबी वाढतो आणि क्रिस्टल मुळातच इतका शांत की नंतर ऐकताना पार्श्वभूमी काळीकुट्ट. करंट तीन-चार ट्रान्झिस्टरचा. फेज मार्जिन वगैरे भानगड नाही.

तपकीरगल्लीवाला

काका, मानलं तुम्हाला, नॉइजच्या बाबतीत तुमची चेन आजही या चिपला रडवेल. पण ९६ चा क्रिस्टल आता ऑर्डर देऊन कापून घ्यावा लागतो, प्रत्येक स्टेजचा ट्रिमर हलवत बसायचं आणि डोंगरावर पहाटेच्या थंडीत फ्रिक्वेन्सी किती सरकेल ते देव जाणे.

नानाकाका७३

सरकते, खोटं कशाला बोलू. क्रिस्टलला थर्माकोलची टोपी घालायचो. तरी सूर्य वर आला की डायल हातानेच मागे घ्यायची.

सिलिकॉनशेतकरी

उशिरा आलो, हल्ली मुक्काम नेदरलँड्सला, इथे आत्ता जेवणं झाली.

चिपच्या आतलं काम करतो म्हणून थोडं त्या बाजूने सांगतो. नॉइज आणि पॉवर यांचा एक सरळ सौदा असतो. एकसारखे दोन ऑसिलेटर समांतर जोडले की सिग्नल एकमेकांच्या सुरात, नॉइज आपापला बेसूर, त्यामुळे ३ डीबी सुधारणा आणि पॉवर दुप्पट. १० डीबी हवे तर दहा पट. हा रस्ता कोणालाही मोकळा आहे, फक्त बिल भरायचं. त्यामुळे पॉवर न वाढवता नॉइज कमी कर म्हटलं की आम्ही आधी हे शोधतो की सौद्यात कुठे फसवले गेलोय. एन मोठा ठेवणं ही त्यातली सर्वात मोठी फसवणूक, आणि ती तपकीरवाल्यांनी बरोब्बर पकडली.

चिपमध्येसुद्धा गोष्ट हीच आहे. फेज डिटेक्टर आणि चार्ज पंपचा नॉइज एनच्या वर्गाने वाढून आउटपुटला येतो. २००९ मध्ये ट्वेंटे विद्यापीठाच्या लोकांनी काय केलं, तर लॉक झाल्यावर डिव्हायडर लूपमधून काढूनच टाकला आणि रेफरन्सच्या कडेला व्हीसीओची साइन वेव्हच थेट सॅम्पल केली. भागाकारच नाही तर एनचा वर्ग येणार कुठून. जुन्या ०.१८ मायक्रॉन सीमॉसमध्ये, २.२ गिगाहर्ट्झला, ७.६ मिलिवॉटमध्ये लूपच्या आत -१२६ डीबीसी/हर्ट्झ मिळवले त्यांनी. सबसॅम्पलिंग पीएलएल म्हणतात त्याला. तुझी ४३५१ याच्या पन्नासेक पट पॉवर खाते आणि तरी इतकं देत नाही, पण तिला नावं ठेवू नकोस, ती ३५ मेगाहर्ट्झपासून ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत काहीही मागशील ते देते, पोटात तीन व्हीसीओ घेऊन बसलीये. सब दुकान एका छताखाली म्हटल्यावर भाडं लागणारच.

आता तुझ्या बोर्डाबद्दल एक गोष्ट जी अजून कोणी बोललं नाही. पॉवर सप्लाय. या व्हीसीओचं पुशिंग साधारण १ मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट आहे, म्हणजे सप्लाय हलला की फ्रिक्वेन्सी हलते. १११७ टाइप रेग्युलेटरचा नॉइज आउटपुटच्या ०.००३ टक्के, ३.३ व्होल्टला शंभर मायक्रोव्होल्ट, १० किलोहर्ट्झपर्यंत पसरवला तर अंदाजे १ मायक्रोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. पुशिंगने गुणलं तर १ हर्ट्झ प्रति रूट हर्ट्झ, १० किलोहर्ट्झ ऑफसेटला ते होतं -८३ डीबीसी/हर्ट्झ. आणि व्हीसीओचा स्वतःचा नॉइज त्याच ठिकाणी -८९ च्या आसपास! म्हणजे चिपपेक्षा रेग्युलेटर जास्त बोलतोय.

एलपी५९०७ सारखा एलडीओ लाव, त्याचा नॉइज साडेसहा मायक्रोव्होल्ट आणि तोही १०० किलोहर्ट्झपर्यंतचा मिळून, ३० डीबीहून जास्त फरक आहे. २५० मिलिअँप देतो, तुला पुरेसा. आणि मजा ऐक, त्याला डोक्यावर १ व्होल्ट लागत नाही, १००-१५० मिलिव्होल्टमध्ये चालतो. चिपला ३.० ते ३.६ काहीही चालतं. ३.१ व्होल्टचं व्हर्जन घेतलंस तर सेलमधून थेट, बूस्ट कन्व्हर्टर गेला कचऱ्यात. सेल ३.३ च्या खाली गेल्यावर तसाही बदलायचाच असतो.

तपकीरगल्लीवाला

आणि तो बूस्ट गेला की त्याचे स्विचिंगचे स्पर्ससुद्धा जातील. लोड कमी झाला की ते पल्स गाळायला लागतात आणि रिपल खाली सरकत थेट ऑडिओत येतो. सव्वाशे-एकशेतीस मिलिअँपचं काम असताना २१० सेलमधून का जातायत हा तुझा पहिला प्रश्न होता ना, त्याचं उत्तर इथेच आहे. ५ व्होल्टपर्यंत चढवायचं आणि मग १११७ मध्ये १.७ व्होल्टची उष्णता करून जाळायचं.

सह्याद्री१२९६

आज रात्री आधी फक्त रजिस्टर बदलले, सोल्डरिंग रविवारी. आणि लॉकच होईना!! पीएफडी २५, एफआरएसी ४, मॉड २५, चारदा तपासलं. एलईडी बंद. मक्सआउटवर (चिपच्या तपासणीच्या पिनवर) एन डिव्हायडर काढून बघितला तर फ्रिक्वेन्सी भलतीकडेच. जुना कोड टाकला की लगेच लॉक. कुठे चुकतोय?

तपकीरगल्लीवाला

रजिस्टर ४ मधला बँड सिलेक्ट क्लॉक डिव्हायडर किती आहे? जुन्या कोडमध्ये १ असणार, कारण १०० किलोहर्ट्झ पीएफडीला तेवढा चालतो. ते घड्याळ १२५ किलोहर्ट्झच्या वर जाऊ द्यायचं नाही. २५ मेगाहर्ट्झला २०० टाक. नाहीतर चिपला योग्य व्हीसीओ पट्टा निवडायला वेळच मिळत नाही, घाईघाईत चुकीच्या गाडीत बसते आणि मग कितीही ओढलं तरी २३०४ ला येत नाही. रजिस्टर ५ पासून ० पर्यंत उतरत्या क्रमाने लिहितोयस ना?

सह्याद्री१२९६

२००!!! लॉक. शिंगं गायब. बायको झोपलेली म्हणून ओरडलो नाही एवढंच.

पण एक गंमत, अनालायझरवर १० किलोहर्ट्झला नॉइज जवळजवळ तेवढाच दिसतोय. टोन मात्र कानाला खूप साफ आहे. हे कसं?

सिलिकॉनशेतकरी

कारण तू आता अनालायझरचाच नॉइज मोजतोयस. त्याच्या पोटातही एक स्वस्त पीएलएल आहे, त्याच्यापेक्षा स्वच्छ काही दाखवायची त्याची ऐपत नाही. एखाद्या कॉलेजच्या लॅबमध्ये चांगला अनालायझर असेल तर तिथे ने. शिंगं दिसली कारण ती त्याच्यापेक्षाही वाईट होती.

मोजायला जाशील तेव्हा कॅरियरच्या अगदी जवळ, १ किलोहर्ट्झच्या आत, २४ डीबी शोधू नकोस. तिथे चार्ज पंपचा फ्लिकर (कॅरियरच्या जवळ जाऊ तसा वाढणारा नॉइज) असतो आणि त्याला पीएफडी वाढवल्याने काही होत नाही, हिशोबाने तो ११५२ ला, १ किलोहर्ट्झवर -१०५ च्या आसपास येतो. तीच जमीन, त्याखाली खणता येत नाही.

बँडविड्थ मात्र अजून थोडी वाढवता येईल. लूपच्या आतला नॉइज आणि मोकळ्या व्हीसीओचा नॉइज जिथे एकमेकांना छेदतात तिथे बँडविड्थ ठेवायची, तुझ्या आकड्यांवरून ते चाळीस-पन्नास किलोहर्ट्झला येतं. फिल्टर उपटायची गरज नाही, चार्ज पंप २.५ वरून ३.१३ किंवा ३.४४ कर, तेवढ्याने काम होईल. यात दोन्ही बाजूंनी फायदा, जास्त चार्ज पंप करंटला त्याचा नॉइज त्या मानाने कमी पडतो आणि तो करंट सतत वाहत नसतो, लॉकमध्ये प्रत्येक वेळी काही नॅनोसेकंदाचा ठिपका असतो, बॅटरीला कळतही नाही.

नानाकाका७३

एक विचारतो. त्या मोड्यूलवर पेनाने टकटक करून बघितलंस का टोन ऐकत?

सह्याद्री१२९६

आत्ता केलं काका. टकटक केली की टोन थरथरतो, टिंगग असा. हे काय नवीन?

नानाकाका७३

लूप फिल्टरमधले कपॅसिटर. सिरॅमिक जर एक्स७आर असेल तर दाबलं की त्यातून व्होल्टेज निघतं, तो छोटा मायक्रोफोनच असतो. तुझा व्हीसीओ व्होल्टला चाळीस मेगाहर्ट्झ सरकणारा, मग काय होणार. डोंगरावर वारा असतो, बॅग हलते. एनपी० (ही खोड नसलेलं सिरॅमिक) चे टाक, मोठ्या व्हॅल्यूचा मिळाला नाही तर फिल्म. ट्यूबच्या सेटला आम्ही हेच पेन मारून बघायचो, रोग जुनाच आहे.

सह्याद्री१२९६

रविवारचा रिपोर्ट, थोडा उशीर झाला.

बूस्ट आणि १११७ काढले, एलपी५९०७ ३.१ व्होल्टचा लावला. तो इतका बारीक की चिमटीतून उडून फरशीच्या फटीत गेला, दुसरा होता म्हणून वाचलो. लूप फिल्टरचे तीनपैकी दोन कपॅसिटर एनपी० चे झाले, मोठ्याच्या जागी फिल्म आडवा झोपवलाय, दिसायला भयंकर आहे पण टकटक बंद. चार्ज पंप ३.४४. दुसरं आउटपुट विनाकारण चालू होतं ते बंद केलं आणि पॉवर +५ वरून +२ डीबीएमवर आणली, मिक्सरच्या आधी एमएमआयसी अ‍ॅम्प्लिफायर आहेच.

मित्राच्या कॉलेजात मोजलं. आधीच्या सेटिंगला १० किलोहर्ट्झवर -८८ होता, तुमच्या रेग्युलेटरच्या हिशोबाला (-८३, भागिले २ चे ६ वजा, म्हणजे -८९) एका डीबीने चिकटून, मी तर कॅल्क्युलेटर बघतच राहिलो. आता -१०७. १ किलोहर्ट्झला -१०१. सेलमधून करंट २१० वरून १२६ मिलिअँप.

टकाटकतंत्र

-१०१ म्हणजे तुमच्या -१०५ पेक्षा ४ डीबी वाईट. आता तरी रेफरन्सकडे बघा, ओसीएक्सओ म्हटलं नव्हतं का :)

सिलिकॉनशेतकरी

यावेळी टकाटकचं अर्धं बरोबर आहे. २५ चा तो डब्बा ऑसिलेटर ४६ पटीने वर येतो म्हणजे ३३ डीबी, जवळच्या ऑफसेटला तोच बोलत असणार. पण ओसीएक्सओ नको, जुन्या मोबाइलच्या बोर्डावर १९.२ मेगाहर्ट्झचे टीसीएक्सओ (तापमानाची भरपाई करणारे क्रिस्टल ऑसिलेटर) असतात, दोन-एक मिलिअँपमध्ये चालतात. २३०४ भागिले १९.२ बरोबर १२०, इंटिजर मोडसुद्धा परत मिळेल. चिपमधला डबलर लावलास तर ३८.४ आणि एन ६०, फक्त मग प्रीस्केलर (एन डिव्हायडरचा पहिला टप्पा) ४/५ करायला विसरू नकोस, ८/९ ला एन ७५ च्या खाली चालत नाही. आणि बँड सिलेक्ट डिव्हायडर!

सह्याद्री१२९६

तो आता जन्मात विसरणार नाही. जुना फोन एक पडलाय, स्क्रीन फुटलेला, हीटगन काढतो.

नानाकाका७३

काढ. आणि येत्या रविवारी सकाळी सातला डोंगरावर असशील तर सांग, मी गच्चीवरून १२९६ वर टोन सोडून ठेवतो. ९६ च्या क्रिस्टलवाला.